नाचाच्या कव्हरातलं निरूपण

दुकानाला बारा पायऱ्या होत्या आणि त्या सगळ्या खाली जाणाऱ्या होत्या. पहिल्याच पायरीवर आई थांबली.

"तळघर आहे का गं?"

"हो. हळू ये," चिमणी म्हणाली. चिमणी साठीला टेकली होती, कपड्यांच्या कारखान्यात चाळीस बायकांवर कटिंग मास्तर होती, पण घरातलं नाव काही तिच्याबरोबर वाढलं नव्हतं.

"त्यांचा आवाज तळघरात जाऊन बसला," आई म्हणाली आणि कठडा धरून उतरायला लागली.

दादा मागून येत होता. आईच्या दुसऱ्या दंडाला आधार द्यायला त्याने हात पुढे केला, तशी चिमणीने खांद्यावरची पर्स नेमकी त्या बाजूला घेतली. दोघांच्या मध्ये पर्स आली. त्याने हात मागे घेतला. चार दिवसांत बहीण त्याच्याशी तोंड भरून भांडली नव्हती, एवढीच काय ती मेहेरबानी. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं.

"तुम्ही आता गप्प राहा," मागून वहिनी नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "बोलायचं ते चिमणीताई बोलतील. तुम्ही विकायला आला होतात तेव्हा कुठे कुणाला विचारलं होतंत?"

ते खरं होतं. अप्पांच्या पश्चात आई अकरा वर्षं त्या जुन्या घरात एकटी राहिली. शेवटी ते घर रिकामं करून आईला दादाकडे आणायचं ठरलं, तेव्हा आवराआवर दादाने एकट्याने केली होती, तीन दिवस, टेप आणि याद्या घेऊन. माणूस नोकरीभर वजनकाटे तपासणारा. कुठल्याही ढिगाचे दोन ढीग केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अप्पांच्या रेकॉर्डींचेही त्याने दोन केले. देवाच्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. देवाच्या त्याने जिवापाड जपून, कागद गुंडाळून घरी आणल्या. बाकीची तीन खोकी या दुकानात दिली. अप्पांना हेच आवडलं असतं, असं त्याने तेव्हा बायकोला अभिमानाने सांगितलं होतं.

मग चार दिवसांपूर्वी आई कानाच्या डॉक्टरांकडून आली. उजवा कान आठ वर्षांपूर्वीच गेलेला. डाव्याला डॉक्टरांनी सहा महिने दिले, तेही हात राखून. आईने चपला काढल्या, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दादा, ती उघड्या पायांच्या बाईची रेकॉर्ड काढ बरं."

घरात कुणाला काही कळेना. ती रेकॉर्ड सगळ्यांना माहीत होती. नाचाच्या बॅन्डची. कव्हरावर एक बाई मांडीपर्यंत पाय उघडे टाकून टेबलावर बसलेली. आईच्या भावाने लग्नात आहेर म्हणून दिली होती, मुद्दाम, मेव्हण्याची फिरकी घ्यायला.

"त्यात तुझ्या अप्पांचं निरूपण आहे," आई म्हणाली. "एकच प्रत निघाली होती. देवाच्या रेकॉर्डी जो येईल तो मागून न्यायचा, परत कोण आणून देतंय? म्हणून ते म्हणाले, या बाईच्या पदरात ठेवू. हिला आपल्या घरात कुणी हात लावायचं नाही."

दादाने हात लावला होता. अंगठा आणि एक बोट, एवढाच.

अप्पा दिवसभर दवाखान्यात कंपाउंडर. पुड्या बांधायचे, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचे. संध्याकाळी सभागृहात उभे राहिले की तोच माणूस गाऊन देव सांगायचा. आधी नमन, मग पद, मग पदाचा अर्थ, मग त्या अर्थाला घट्ट धरून ठेवणारी एक गोष्ट. आणि गोष्ट ऐन अडचणीत आली की पुन्हा गाणं. ज्याने असं निरूपण एकदा मनापासून ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. शब्द मागे राहतात. कुणी लिहून घेतं, कुणी पाठ करतं. आवाज ज्याचा त्याच्याबरोबर जातो, आणि जाताना घराचं दार ओढून घेतो.

आईला शब्द सगळे येत होते. नमनापासून शेवटच्या ओळीपर्यंत. तिचं दुःख वेगळं होतं आणि ते तिने त्या दिवशी एकाच वाक्यात सांगितलं होतं.

"मला त्यांचा आवाज आठवत नाही रे. दोन वर्षं झाली. आठवायला जाते आणि माझाच येतो."

*

दुकान लांबट होतं, रेल्वेच्या डब्यासारखं. दोन्ही बाजूंना कंबरेइतक्या उंचीचे लाकडी हौद, त्यांत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी आणि मध्ये मध्ये पुठ्ठ्याच्या पाट्या, मालकाच्या हाताने लिहिलेल्या. 'सनई, सतार वगैरे'. 'प्रेमभंग, पुरुष'. 'प्रेमभंग, स्त्रिया'. त्याच्या शेजारी 'प्रेमभंग, उशिरा लक्षात आलेला'. जुन्या पुठ्ठ्याचा वास होता. एक तरुण मुलगी हौदात वाकून, कुणी नोटा मोजाव्यात इतक्या भराभर रेकॉर्डी मागेपुढे करत होती.

मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्याने आईला पाहून आधी खुर्ची आणली, मग दादाला ओळखलं.

"तीन खोकी. तुम्हीच ना? याद्या करून आणल्या होत्यात. इतक्या नीट याद्या मी बघितल्या नाहीत कधी."

चिमणी हसली, पण ते हसू कुणाच्या कामाचं नव्हतं. "याद्या आमच्याकडे फार नीट असतात. वस्तू कुठे आहे तेवढं विचारू नका."

तिने काय हवं ते सांगितलं. उघडे पाय, टेबल, बॅन्ड. मालकाने "नाचाचे ठोके" या पाटीकडे बोट केलं. तिघंही तिकडे गेली. चिमणी कापडाचे थर चाळावेत तशी कव्हरं चाळू लागली, वहिनी पलीकडच्या टोकाकडून. दादा मध्ये उभा. त्याला कुणी काम दिलं नव्हतं.

"ही का?" वहिनी म्हणाली.

तीच. बाईच्या गुडघ्यावर चहाचा जुना डाग होता. वहिनीने कव्हर तिरकं केलं, दाबलं, आत डोकावली. आत काही नव्हतं.

चिमणीने कव्हर तिच्या हातातून घेतलं आणि भावाकडे पाहिलं. चार दिवस जे बोलली नव्हती ते सगळं त्या बघण्यात आलं.

"अहो, आतली प्लेट माझ्याकडे आहे," मालक काउंटरवरून म्हणाला. "ती बॅन्डची नव्हतीच. कोऱ्या लेबलाची होती. मला वाटलं, कुणीतरी विचारत येईल."

चिमणी तिथेच हौदाच्या कडेवर टेकली. वहिनीने देवाला हात जोडले, दुकानात, त्या बाईसमोर. दादाच्या छातीतून जो श्वास सुटला तो चार दिवसांचा होता.

"आई, सापडली," चिमणीने आईच्या डाव्या कानाशी वाकून सांगितलं.

"सापडायलाच हवी होती," आई म्हणाली. पण तिचे हात पदराशी चाळा करायला लागले.

मालकाने खालच्या फळीवरून तबकडी आणून काउंटरवर कापडावर ठेवली. काळी, जाड, एकाच बाजूला रेघा. आणि त्या रेघांवर सगळीकडे पांढरी बुरशी आल्यासारखा थर. लेबलावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ही साधी रेकॉर्ड नव्हे. पत्र्यावर रोगण चढवून थेट कापलेली. माणूस समोर गातो आणि सुई तिथल्या तिथे रेघ कोरत जाते. जुनी झाली की रोगणातलं तेल असं पांढरं वर येतं. ते काढायचं वेगळं पाणी आहे, आणि हलकी सुई लागते. दोन्ही माळ्यावर आहे. तोवर हिला हात लावू नका. आलोच मी." तो मागच्या शिडीकडे गेला.

चिमणी आईपाशी जाऊन बसली. वहिनीने फोन काढला. "मी सगळं भरून घेते," ती म्हणाली. "मुलांना पाठवू." ती आईच्या खुर्चीमागे जाऊन फोन कसा धरायचा ते बघू लागली.

काउंटरपाशी दादा एकटा राहिला.

*

त्याच्या हाताला तेव्हाच कळलं होतं. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. ढीग करताना ते कव्हर उचललं तेव्हा ते जड लागलं होतं. पन्नासएक ग्रॅमने, जास्तच. आयुष्यभर दुकानदारांची खोटी वजनं हातात धरून ओळखणारा माणूस तो. हाताने सांगितलं, आणि डोळ्यांनी त्या बाईचे पाय बघून हाताला गप्प बसवलं.

आता ती समोर होती. अप्पा या पांढऱ्या थराखाली होते.

काउंटरवर सुया पुसायची स्पिरिटची बाटली होती आणि शेजारी कापूस. त्या वासाने त्याचं वय पन्नास वर्षांनी उतरलं. रविवारी सकाळी अप्पा दवाखान्यातलं स्पिरिट आणून सगळ्या रेकॉर्डी पुसायचे. शेजारी तो. 'रेघेच्या वळणाने. गोल. जोर नाही द्यायचा, कापसाला काम करू द्यायचं.' भावंडांत हे काम फक्त त्याचं होतं. चिमणीला कधी कापूस मिळाला नव्हता.

मालक म्हणाला होता, हात लावू नका. पण मालकाला अप्पांची पद्धत कुठे माहीत होती? आणि माळ्यावर तो काहीतरी सरकवत बसला होता. आई तिकडे पदर चाळवत होती. दादाला वाटलं, तो येईपर्यंत निदान एवढं तरी करून ठेवावं. एवढं एक काम तरी आज माझ्या हातून व्हावं.

त्याने कापूस भिजवला. रेघेच्या वळणाने. गोल. जोर न देता. पांढरं झरझर जायला लागलं, खालून काळी चमक वर आली आणि त्याला इतकं बरं वाटलं, की त्याच्या तोंडून अप्पांचं नमन निघालं, अगदी हळू. बाहेरच्या कडेपासून तो आत आत येत गेला. लेबलापासून बोटभर उरलं, तेव्हा कापूस अडखळला. बोटांना चिकट लागलं.

त्याने कापूस उलटा केला. तो काळा झाला होता. डांबरासारखा काळा.

पाण्याची डबी आणि सुई घेऊन मालक उतरला, दोन पावलं आला आणि थांबला. वास आला होता त्याला.

"काय लावलंत?"

"स्पिरिट," दादा म्हणाला. "आमच्याकडे स्पिरिटनेच पुसतात."

मालकाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वाकून पाहिलं, आणि मग चष्मा काढूनच ठेवला. "साध्या रेकॉर्डीला चालतं एक वेळ. रोगण स्पिरिटमध्ये विरघळतं हो." तो रागावला नाही. रागावला असता तर निदान काहीतरी बाकी आहे असं वाटलं असतं.

चिमणी उठून आली. तिने कापूस पाहिला, भावाची बोटं पाहिली.

"काय केलंस तू?"

"अप्पा असंच..."

"अप्पा, अप्पा. पन्नास वर्षं तूच अप्पांचा. ढीग तूच करणार, पुसणारही तूच." ती इतकं हळू बोलत होती की मालकाने तोंड फिरवलं. "आता पुसलास ना? बघ, नीट पुसला गेलाय का."

दादा उभा होता. कापूस कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

तेव्हा वहिनी मध्ये आली. सकाळपासून नणंदेच्या बाजूने असलेली वहिनी नवऱ्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"ताई, पुरे. त्यांनी जाणूनबुजून केलंय का?"

"मग आईला काय सांगायचं?"

"काही नाही सांगायचं. लावू दे तशीच. जे वाजेल ते. त्यांना वाटेल, आपल्यालाच ऐकू येत नाहीये."

"म्हणजे दोष तिच्या कानाचा?" चिमणी म्हणाली. "असलेला कान आजच काढून घ्यायचा?"

"आणि मुलाने आवाज पुसला हे सांगितलंत तर काय उरेल त्यांना? नवरा तर नाहीच. मुलगाही नाही?"

"मी सांगतो," दादा म्हणाला. "मीच सांगतो तिला."

"काय कुजबुजताय?" खुर्चीतून आई म्हणाली. "ऐकू अर्धं येतं मला, दिसतं पूर्ण. लागत नाही का ती?"

तिघंही तिच्याकडे वळली. दादाने पाऊल उचललं. आईचा चेहरा त्याने पाहिला. ती पदर नीट करून, केस चापून बसली होती, सभागृहात पहिल्या रांगेत बसायची तशी. त्याचं पाऊल तिथेच थांबलं.

"लागतेय आई," तो म्हणाला. "जुनी आहे जरा."

*

मालकाने हेडफोन आईच्या कानांवर बसवला आणि भिंतीवरचा एक स्पीकर बारीक करून चालू ठेवला. त्याने सुई टेकवली. तो दुकानभर कुणाकडेच बघत नव्हता.

खरखर सुरू झाली.

आईला ती स्पष्ट ऐकू येत होती. पावसासारखी नव्हती, आगीसारखी नव्हती. गोणपाटावरून गोणपाट ओढावा तशी, एकसारखी. असणारच, ती मनात म्हणाली. माणूस म्हातारा होतो, तबकडी होणार नाही?

तिने डोळे मिटले. आता नमन चाललं असेल. ती मनातल्या मनात नमन म्हणत गेली, म्हणजे आवाज खालून वर आला की आपण बरोबर जागेवर असू. नमन संपलं. खरखर. आता पद. पहिल्या ओळीनंतर ते थांबायचे, समोरच्यांकडे बघायचे. खरखर. आता अर्थ. आता ती गोष्ट, वाटसरूची, ज्याने विहिरीत हाक मारली आणि आपलीच हाक देवाची म्हणून घेतली. ती गोष्ट सांगताना ते हाताचा द्रोण करायचे. हात तिला दिसत होते. अंगठ्यावरचा बाटलीचा चिरा दिसत होता. ओठ हलताना दिसत होते.

वहिनी फोन पुढे धरून उभी होती. पाच मिनिटांनी तिचा हात खाली आला. सातव्या मिनिटाला तिने फोन पर्समध्ये टाकला.

देवा, आई मनात म्हणाली, शब्द ने. सगळे शब्द घेऊन जा, मी तक्रार करणार नाही. नमनसुद्धा ने. मला अर्थ नको, गोष्ट नको. आयुष्यभर ते तुझंच गात आले, तुझ्याकडे तो आवाज भरपूर असेल. मला त्यातला एवढासा दे. दोन सुरांएवढा.

खरखर चालू होती. सुईच्या मागे रोगणाचा थर काळ्या दोऱ्यासारखा सुटून येत होता. चिमणीने ते पाहिलं आणि ओठ दाताखाली धरले. ही तबकडी पुन्हा लागणार नव्हती.

गोष्ट संपली. शेवटचं पद संपलं. आईने मनातल्या मनात शेवटची ओळ दोनदा म्हटली, ते म्हणायचे तशी, आणि मग तिच्याजवळ म्हणायला काही उरलं नाही. तिने हेडफोनला हात लावला नाही. ती नुसती बसून राहिली.

तेवढ्यात सुई लेबलाजवळच्या त्या बोटभर पट्टीवर आली. खरखर एकदम बारीक झाली, खोली उघडावी तशी. कुणाचा तरी पाय सरकला. आणि मग एक पुरुषी, जाड, पिंपातून यावा तसा आवाज, अगदी स्वच्छ:

"बास."

खट् झालं आणि संपलं.

आईने डोळे उघडले. तिचा चेहरा इतका उघडा दादाने जन्मात पाहिला नव्हता.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "बास म्हणाले. ऐकलंत का तुम्ही?"

मालकाने सुई उचलली.

"असंच म्हणायचे. वाढायला गेलं की, ताटावर हात आडवा धरून. बास." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "केवढा भरदार आवाज होता गं. मी पार विसरलेच होते की."

अप्पांचा आवाज बारीक होता. उंच, दोऱ्यासारखा. दवाखान्याच्या फोनवर लोक त्यांना 'बाई' म्हणायचे आणि ते घरी येऊन नक्कल करून दाखवायचे. तबकडी कापली त्या दिवशी दादा नऊ वर्षांचा होता आणि स्टुडिओच्या कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. यंत्रापाशी एक आडवातिडवा माणूस होता, त्याचं नाव त्याला तेव्हाही माहीत नव्हतं. अप्पा शेवटची ओळ तिसऱ्यांदा घ्यायला निघाले होते, आणि तबकडीवर जागा संपली म्हणून त्या माणसाने त्यांना हाताने थांबवलं होतं. बास, म्हणून.

त्याने चिमणीकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. त्या बारीक आवाजाने तिला रोज सकाळी उठवलं होतं. आता तो दोघांच्या डोक्यांत तेवढा उरला होता, आणि दोघांपैकी एकालाही गाता येत नव्हतं.

"आई," दादा म्हणाला. "आई, तो आवाज..."

चिमणीने त्याच्या मनगटाला धरलं. स्पिरिटने चिकट झालेल्या त्या हाताला तिने घट्ट धरलं.

"अप्पांचाच, आई," ती म्हणाली. "दादा तेच सांगतोय."

आईने मान हलवली. हेडफोन स्वतःच काढून मालकाच्या हातात दिला. "पुन्हा लागेल का हो?"

मालकाने थाळीकडे पाहिलं. तिथे पत्रा उघडा पडला होता. "नाही, आजी."

"नसू दे," आई म्हणाली. "आता आहे माझ्याजवळ."

पायऱ्या चढताना एका बाजूला दादा होता, एका बाजूला चिमणी. वहिनी रिकामं कव्हर छातीशी धरून पुढे चालली होती. तिसऱ्या पायरीवर आई थांबली, हनुवटी गळ्याशी नेली आणि घसा खाली उतरवून त्या परक्या माणसाच्या जाड आवाजात म्हणाली, "बास."

"काय करतेस आई?" चिमणीने विचारलं.

"विसरू नये म्हणून," आई म्हणाली. आणि प्रत्येक पायरीला ती तो आवाज काढत गेली, जमेल तेवढा खाली, जमेल तेवढा नेमका. आणि एखादा चुकला की दादाकडे वळून विचारत होती, असाच ना रे?

"असाच," दादा म्हणत होता.